मऊ जमिनीची घोडी

काठीवाला रोज बारा ठिकाणी वाकतो, असं वेळवाला साडेचार वर्षं धरून चालला होता. गुरुवारी सकाळी शर्यतीच्या मैदानावर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा काठीवाला एकाच ठिकाणी वाकला. तेही दोन नंबरच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी म्हणावं इतक्या जवळ. त्याने लोखंडी काठी उभी धरली, तिच्यावरचं सरकतं वजन वरून सोडलं, काठी किती रुतली, म्हणजे जमीन किती मऊ, ते पाहिलं. मग कठड्यावर बूड टेकून खिशातला छापील कागद काढला आणि चहा पीत पीत उरलेले अकरा आकडे लिहून टाकले. एकदा मध्येच थांबून आभाळाकडे बघितलं, तेवढाच काय तो विचार. एरवी वेळवाला या वेळी वर स्टँडमध्ये असायचा, दुर्बीण आणि दोन स्टॉपवॉच घेऊन. घोडे सकाळी किती वेगात धावले ते टिपून शर्यतीच्या पुस्तिकेत छापायला द्यायचं, हा त्याचा धंदा. सव्वीस वर्षांचा. आज जिन्याला रंग लावत होते म्हणून तो खाली उभा राहिला होता.

"बाकीची ठिकाणं?" त्याने विचारलं.

"कुठली?"

"अकरा."

काठीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही वर असता ना रोज?"

"जिना रंगवतायत."

"तरीच." काठीवाला ओशाळला वगैरे नाही. "अहो, जमीन काय पळून जाते का? इथं आहे तशीच तिकडं. मी थोडं इकडंतिकडं करून लिहितो. सगळे आकडे सारखे लिहिले तर वरच्यांना संशय येतो."

"कधीपासून चाललंय हे?"

"गुडघे गेल्यापासून."

"आणि गुडघे कधी गेले?"

"सहा वर्षं झाली की. धाकटीच्या लग्नात नाचलो, त्यातच गेले. बारा ठिकाणी वाकायचं म्हणजे चेष्टा आहे का? तुम्ही वाकून दाखवा."

"आणि ही टाकी गळते त्याचं काय?"

"गळत नाही ती. भरली की वाहते. पंपवाला झोपतो." त्याने कप उचलला. "तुम्ही आपलं वरच बसत जा, मास्तर. वरून सगळं बरं दिसतं."

वेळवाल्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर हसला. हसू आलं म्हणून हसला, आणि मग ते हसू बरगड्यांखाली कुठेतरी अडकून राहिलं, गिळलेल्या बर्फासारखं. आठ वाजता फळ्यावर आकडा लागायचा, दोन दशांश स्थळांपर्यंत. ती दोन दशांश स्थळं पाहून ट्रेनर, जॉकी, मालक, सगळे माना डोलवायचे. नुसतं 'मऊ आहे' म्हटलं असतं तर कोणीतरी बोट घालून बघितलं असतं. दशांश चिन्ह पाहिलं की शिकलेला माणूसही बोट खिशात ठेवतो. आणि वेळवाला तो आकडा रोज वहीत उतरवून घ्यायचा. सगळ्या घोड्यांच्या नव्हे, एका घोडीच्या वहीत. पुस्तिकेसाठी तो शेकडो घोडे टिपायचा, पण स्वतःसाठी एकच. काळ्या आयाळीची तांबडी घोडी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, कोणी ते घेत नसे. सगळे तिला कुमैत म्हणायचे, कारण ती होतीच कुमैत रंगाची. तिच्या एकोणीस शर्यती त्याने लिहून काढल्या होत्या: अंतर, वजन, जॉकी, कुठल्या फाटकातून सुटली, हवा, वारा, आणि लाल शाईने जमीन. एकोणीसपैकी चारच शर्यतींत ती जीव तोडून धावली होती, दोनदा पहिली, एकदा दुसरी, एकदा तिसरी. चारही वेळा लाल शाईतली जमीन मऊ. मऊ जमीन असून ती घाण धावली अशाही तीन शर्यती होत्या, पण त्यांपुढे त्याने खुलासे लिहिले होते. जॉकी नवा. सुटताना धक्का. घोडी माजावर. खुलासा सापडत नाही असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आज दुपारी बारापर्यंत तिचं नाव द्यायचं होतं. रविवारी चौदाशे मीटर, कोरडी जमीन, दहा सुमार घोडी. नाहीतर पंधरा दिवसांनी मोठ्या शर्यतीच्या दिवशी, तेव्हा चार रात्री फवारे सोडून जमीन लोण्यासारखी करतात, पण समोर सगळे दांडगे. घोडीच्या मालकिणीने निक्षून सांगितलं होतं, आता एकच शर्यत. पहिल्या चारांत आली तर पुढचा हंगाम ठेवू, नाहीतर बस. घोडी आठ वर्षांची, पुढचा उजवा गुडघा जाड झालेला, शिंगरं द्यायला दोनदा नापास. अशा घोडीला 'बस' म्हणतात तेव्हा एक बंद गाडी येते, घोडी चढवतात, फळी वर घेतात. गाडी कुठे जाते हे कोणी विचारत नाही, आणि ज्यांना माहीत असतं ते त्या दिवशी रजा घेतात. ट्रेनर कालच म्हणाला होता, "तू सांगशील तसं करू. तुझ्याएवढी ती मलाही माहीत नाही." हे ऐकून वेळवाला रात्री गाढ झोपला होता. उत्तर तयारच होतं. मऊ जमीन. थांबा.

आता तो कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याला कळेना की हाताखालचं लाकूड गार आहे की आपला हात. साडेचार वर्षं आपण जमिनीचा नव्हे, टाकीचा अभ्यास केला. पंपवाला कधी झोपला आणि कधी जागा होता, त्याची इतकी तपशीलवार नोंद जगात कुणाकडे नसेल. आणि हे वहीपुरतंच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्या शब्दावर ट्रेनरने अकरा वेळा घोडीचं नाव मागे घेतलं होतं. 'आज कडक आहे, नको.' पाचव्या, सहाव्या, सातव्या वर्षी. घोड्याच्या आयुष्यात धावण्याची वर्षं असतात तीच ही. त्या वर्षांत ती तबेल्यात उभी राहून भिंतीचा चुना चाटत होती, आणि हा शहाणा वर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता.

अशी वही त्याची ही पहिली नव्हती. पहिली त्याने नवव्या वर्षी केली होती, गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर. बाबा काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायला होते. दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या आणि त्यांतली तडकलेली ओळखून बाजूला काढायची, आठ तास. घरी यायचे तेव्हा डोळे लाल, आणि घरात तडा शोधायची सवय सुटलेली नसायची. मुलाने रकाने आखले. वार. पाळी. हवा. बाबांनी आल्या आल्या बूट काढले की बूट घालूनच खुर्चीत बसले. मार बसला की नाही. तीन महिन्यांत त्याला नियम सापडला: बूट घालून बसले की मार नाही. नियम सापडल्याचा आनंद असा होता की अंगावरचे वळ त्यापुढे काहीच वाटेनात. मग तो बूट काढू नयेत अशा युक्त्या करायला लागला. फरशी ओली करून ठेवायचा, दाराशी खिळे सांडायचा, आणि कधी कधी ते लागूही पडायचं, म्हणून नियमावरचा विश्वास वाढतच गेला. वाटलं, आपल्याला बाप कळला. पुढे कितीतरी वर्षांनी, आईचा हात दुखतो म्हणून ताई आणि तो तिला घेऊन इस्पितळात गेले. डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून म्हणाला, हे मनगट पूर्वी कधी मोडलं होतं? नीट सांधलेलं नाही. आई म्हणाली, घसरले होते. बाहेरच्या बाकावर ताई त्याला म्हणाली, "घसरली म्हणे. तुला खरंच माहीत नाही?" तो म्हणाला, काय? "अरे, ती त्यांना दारातच गाठायची. काही मोडलेलं, सांडलेलं असलं की म्हणायची, माझ्या हातून झालं. मग ते तसेच बुटासकट आत जायचे, तिच्या मागे. नंतर येऊन खुर्चीत बसायचे. तुझ्या त्या वहीत 'मार नाही' लिहिलेले दिवस आहेत ना, ते सगळे आईचे." ताई हे रडत बोलली नाही, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: आईचा रकानाच नव्हता. दुसरा विचार आला की आपल्याला हा विचार पहिला आला. तेव्हापासून तो माणसांच्या वाटेला गेला नाही. घोडा निदान दारात खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा, आणि लोकांना वाटायचं विनोद करतोय.

पावणेदहाला त्याने स्कूटर काढली. ट्रेनरचा तबेला मैदानापासून तीन किलोमीटरवर, गॅरेजांच्या आणि लाकूड कापणाऱ्यांच्या वस्तीमागे. सखल गल्लीच्या टोकाला दहा खोल्या आणि वाळूचं एक रिंगण. घोडे रोज तिथेच फिरवायचे, शर्यतीच्या दिवशी तेवढे गाडीतून मैदानावर. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार अंगणात बसून कुमैतच्या खुरातली माती काढत होता. तो वेळवाल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तोंडात तीन दात, आणि त्या तिनांचाही एकमेकांशी संबंध नाही.

"काका," वेळवाला म्हणाला, "ही चांगली धावली ते चार दिवस आठवतात?"

"न आठवायला काय झालं? चारच तर आहेत."

"त्या दिवशी वेगळं काय केलं होतं?"

"कोणी?"

"तुम्ही."

मोतद्दाराने खूर खाली सोडलं. घोडीने ते अलगद टेकलं आणि मान वळवून वेळवाल्याच्या कोपराचा वास घेतला. तिचा श्वास गरम आणि गवताळ होता. हिच्या इतक्या जवळ आपण कधी उभे राहिलो होतो, हे त्याला आठवेना. दुर्बिणीतून ती नेहमी इथेच असायची, नाकासमोर.

"मी काय करणार? दाणा तोच, पाणी तेच. माझी शेंडीसुद्धा तीच," मोतद्दार स्वतःच्या टकलावरून हात फिरवून म्हणाला. "पाऊस होता पण तेव्हा, चारही वेळा. ही गल्ली तुंबली होती. गाडी आत येईना."

"मग?"

"मग काय, चालत नेली. पहाटे निघालो दोघं, मी आणि ही. भिजत."

वेळवाला घोडीच्या पायांकडे बघू लागला.

"तिला गाडीचं लई वाकडं आहे, मास्तर. फळी खाली आली की हिचे पाय लटपटतात. आत घातली की लाथा मारते, मैदानावर उतरवेपर्यंत साबण लावल्यासारखी घामेजलेली असते. अर्धी शर्यत गाडीतच धावून येते ती."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"कोणाला सांगू? तुम्ही आला की वही काढता आणि विचारता, वजन किती, पाणी किती प्यायली. विचारलेल्याचं उत्तर देतो मी." मग तो वेळवाल्याच्या तोंडाकडे बघून जरा खालच्या आवाजात म्हणाला, "का हो? काही बिघडलं का?"

चारही दिवस पाऊस. पाऊस, म्हणून जमीन मऊ, खरोखरची. पाऊस, म्हणून गल्ली तुंबली. पाऊस, म्हणून ती चालत गेली. आणि त्या तीन खुलाशांच्या शर्यती, जिथे आकडा मऊ होता आणि घोडी घाण धावली? तेव्हा पाऊस नव्हता. तेव्हा टाकी वाहिली होती आणि गाडी आली होती. घोडं कुठे पेंड खातंय ते कळायला साडेचार वर्षं आणि एक रंगवलेला जिना लागला. त्याला आनंद झाला. तोच जुना, नवव्या वर्षीचा, नियम सापडल्याचा आनंद. तो मानेमागून वर चढायला लागला तशी त्याला स्वतःची शिसारी आली, कारण या आनंदाला तो आता ओळखून होता. चार वेळा. चारावरून काय ठरतं? अजून एखादा रकाना असेल जो या म्हाताऱ्यालाही माहीत नाही. पहाटेचा गारवा असेल. म्हाताऱ्याचा हात असेल. निव्वळ योगायोग असेल.

ट्रेनर कचेरीच्या खोलीत पंख्याखाली बसून अर्ज भरत होता. अंतराची जागा त्याने कोरी सोडली होती.

"बोल. मोठा दिवस ना?"

"रविवार," वेळवाला म्हणाला. "आणि गाडी नको. चालत न्या."

ट्रेनरने पेन टेकवलं. "रविवारी जमीन दगड असणार आहे."

"जमिनीचं सोड. जमिनीचं मी सांगितलेलं सगळं खोटं होतं." आणि त्याने सांगितलं. काठी, टाकी, पंपवाला, गल्ली, गाडी. सांगताना त्याचा आवाज सरळ होता. अकरा शर्यतींपाशी आला तेव्हाही सरळच राहिला.

ट्रेनरने वर पंख्याकडे बघितलं. पंख्याला एक पातं वाकडं होतं, ते दर फेरीला कुरकुरत होतं. "अकरा," तो शेवटी म्हणाला. "मी तुला तेव्हा म्हटलं होतं, धावू दे. दोनदा तर भांडलो तुझ्याशी."

"हो."

"तू वही दाखवलीस."

"हो."

"आणि आता परत सांगतोयस, नवीन सापडलंय म्हणून. उद्या अजून काही सापडेल. रस्त्यात खिळा लागला तर? एखादा ट्रक भोंगा मारत अंगावर आला तर? मी काय सांगू मालकिणीला, घोडी फिरायला गेली होती म्हणून?"

"मी जातो बरोबर."

"तू?" ट्रेनर खरंच हसला. "तू कधी घोडा हातात धरलायस?"

"नाही."

"सव्वीस वर्षं!"

"मोठ्या दिवशी दांडग्या घोड्यांत ही मरते," वेळवाला म्हणाला. "तुलाही माहीत आहे. रविवारी निदान समोर सुमार आहेत. मला दुसरं काही माहीत नाही. मला काहीच माहीत नाही, असं लिहून देऊ का?"

"लिहू नकोस बाबा काही," ट्रेनर म्हणाला, आणि कोऱ्या जागेत चौदाशे घातलं.

रविवारी उजाडताना ते निघाले. मोतद्दाराने दोर त्याच्या हातात दिला नाही, नुसतं म्हणाला, डाव्या अंगाने चाला आणि तिच्या मागे राहू नका. गॅरेजांची शटर्स खाली होती. लाकूड कापणाऱ्यांच्या दारात भुसा सांडला होता, त्यात घोडीचे पाय आवाज न करता पडले आणि मग डांबरावर पुन्हा टक टक वाजायला लागले. एका गतिरोधकावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसमोर ती थांबली. मोतद्दारही थांबला, ओढाताण केली नाही. तिने मान खाली घालून पट्टा हुंगला, विचार केला आणि ओलांडला. वेळवाल्याने सवयीने घड्याळ पाहिलं. पट्टा ओलांडायला एकशे दहा सेकंद. हे कुठे लिहायचं त्याला कळेना, म्हणून त्याने घड्याळ खिशात टाकलं. एका वळणावर दुधाचा टेम्पो आला, तेव्हा घोडीने अंग सगळं त्याच्यावर रेटलं आणि तो भिंतीला चिकटला. घाबरली होती ती. तिच्या कातडीखाली काहीतरी सरसरत गेलं ते त्याला शर्टातून कळलं. मग टेम्पो गेला आणि ती पुन्हा चालू लागली. मैदानावर पोचले तेव्हा तिच्या मानेवर हात फिरवून मोतद्दाराने त्याला तळहात दाखवला. कोरडा.

शर्यत दुपारी तीनला झाली. जिन्याचा रंग वाळला होता, पण तो वर गेला नाही, कठड्याशीच उभा राहिला. खालून सगळं वाकडंतिकडं दिसत होतं. दहा सुटले. वळणावर ती सहावी होती, सरळ रस्त्याला लागल्यावरही सहावीच. जॉकीने चाबूक दाखवला, मग लावला. ती एकाला मागे टाकून पाचवी झाली आणि तिथेच अडकली. पुढचे चार सुटून गेले होते, अंतर कमी होत नव्हतं, उलट वाढत होतं. वेळवाल्याला ते दिसत होतं, त्याला दुर्बिणीची गरज नव्हती. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळ्यांत पुढे असलेला, सगळ्यांचा लाडका करडा घोडा एकदम आखडला. पुढचा पाय टेकेना. जॉकीने त्याला बाहेर काढला. कुमैत चौथी आली. चौथी, अर्ध्या मानेने, मागून एक ठोंब्या चढत आला होता त्याच्यापेक्षा अर्ध्या मानेने. त्याने स्टॉपवॉच पाहिलं. चौदाशेला ती इतकी हळू कधीच धावली नव्हती. गाडीतून घामेजून आली होती तेव्हाही नाही.

ट्रेनर लाल होऊन पळत आला आणि त्याने वेळवाल्याला मिठीच मारली. "लागू पडलं! चालवणं लागू पडलं रे!"

"नाही," वेळवाला म्हणाला. "करडा लंगडला म्हणून. वेळ बघ. ही—"

"गप्प बस. मालकीण येतेय."

मालकीण दातांची डॉक्टर होती. लहान हात, मोठा चष्मा, आणि रोग्याशी बोलावं तसं सगळ्यांशी हळू बोलणं. तिला घोडीचा राग नव्हता. खर्चाचा होता, आणि गेल्या दोन वर्षांत प्रत्येक वेळी कोणीतरी कोणतंतरी कारण सांगितलं याचा होता. ती घोडीजवळ गेली नाही. ती वेळवाल्यासमोर उभी राहिली. "हे म्हणतात तुम्ही शोधून काढलंत. मला एवढंच सांगा, ही नशिबाने आली की खरंच काही आहे? पुढचा हंगाम ठेवायची तर मला खात्री हवी."

ट्रेनर त्याच्या मागे उभा होता. त्याचा श्वास वेळवाल्याच्या मानेवर येत होता. तिकडे करड्या घोड्याभोवती चार माणसांनी हिरवा पडदा धरला होता. पडद्याआड काय चाललंय ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे दुसरीकडे बघत होते. सव्वीस वर्षांत वेळवाल्याने एक सेकंदसुद्धा चुकीचा छापला नव्हता. एकदा एक पंचमांश सेकंद जास्त पडला, तेव्हा पुढच्या अंकात स्वतःहून चूक कळवली होती, कोणी मागितली नसताना. मालकिणीच्या चष्म्यात त्याला स्वतःचं डोकं दोनदा दिसत होतं.

"चालत आणली की धावते, बाई," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली, ट्रेनरला म्हणाली, "ठेवा मग," आणि गाडीकडे गेली. एवढंच. आभाळ कोसळलं नाही, मैदानावरच्या कोणी वळूनही पाहिलं नाही. वेळवाल्याने स्टॉपवॉच शून्यावर आणलं. ती वेळ त्याने कुठेच लिहिली नाही. पुस्तिकेतला अधिकृत आकडा दुसरेच छापतात, तो छापून येईल, मालकीण तो वाचणार नाही.

परत जाताना ऊन तिरपं झालं होतं. ट्रेनरने गाडी पाठवली होती ती मोतद्दाराने रिकामी परत धाडली. थोडं पुढे गेल्यावर त्याने न विचारता दोर वेळवाल्याच्या हातात दिला आणि स्वतः खांदे मोकळे करत चालू लागला. दोर वाटला होता त्यापेक्षा हलका होता. घोडी ओढत नव्हती.

"मास्तर," मोतद्दार म्हणाला, "खरं सांगा. चालण्याने धावते का हो ही?"

"माहीत नाही."

"आणि बाईंना तर नक्की म्हणालात."

"म्हणालो."

"वा." त्याने पुढचा रस्ता डोळ्यांनी मोजला. "म्हणजे आता पुढच्या हंगामात दर वेळी मी तीन किलोमीटर जायचं आणि तीन यायचं. या वयात. धावते की नाही ते माहीत नसताना. ते कशासाठी?"

वेळवाल्याने घोडीकडे पाहिलं. ती रस्त्याच्या कडेचं काहीतरी वाळकं चघळत होती.

"गाडीत भिते ती," तो म्हणाला.